मानेच्या वर, मानेच्या खाली

सर्दी या आजाराला समाजात काडीची किंमत नाही. पाय मोडला तर लोक फळं घेऊन भेटायला येतात. पोटात कापाकापी झाली तर लांबचे नातेवाईकसुद्धा उशाशी बसून हळू आवाजात बोलतात. सर्दी झालेल्या माणसाकडे मात्र असं बघतात, जणू त्याने हा प्रकार आळसापोटी घडवून आणलाय. नाक गळतंय, डोळे सुजलेत, डोक्यात कोणीतरी ओलं ब्लँकेट कोंबलंय आणि समोरचा विचारतो, "बाकी ठीक ना?" बाकी काय राहिलंय रे बाबा?

त्यातून ही सर्दी माझी नव्हतीच. आमच्या साहेबांची होती. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारी ऐकायच्या टेबलावर मी बसतो, आणि साहेब काचेपलीकडे बसतात. आपण एक दिवस घरी राहिलो तर गावभरचे नळ कोरडे पडतील अशी साहेबांची समजूत आहे. म्हणून ते तापलेल्या अंगाने आले, काचेचं दार उघडं टाकून शिंकले आणि सबंध कचेरीला आपला आजार समान वाटून मोकळे झाले. साहेबांनी समान वाटलेली ही एकमेव गोष्ट. माझा वाटा मी घरी आणला आणि तो बाबांना लागला.

मी नुसता शिंकून सुटलो. बाबांच्या ती छातीत उतरली. इस्पितळ झालं, सुया झाल्या, ऑक्सिजनची नळी झाली. ताप गेला, छाती मोकळी झाली, बाबा घरी आले. आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून जे झोपले ते उठेनात.

आमचे बाबा म्हणजे शाळेतले ड्रिलमास्तर. पोरं त्यांना मागून शिट्टीमास्तर म्हणायची. त्यांनी शिट्टी मारली की मैदानाच्या कुंपणावरचे कावळेसुद्धा ओळीत बसायचे, असं त्यांचे जुने विद्यार्थी अजून सांगतात. हा माणूस आता बाथरूमपर्यंत जायचं तर सुनेच्या खांद्यावर भार टाकून जायचा आणि परत येऊन म्हणायचा, "माझं झालं आता."

डॉक्टर घरी तपासायला आले. साहेबांची सर्दी मला एव्हाना दुसऱ्यांदा लागली होती आणि मी आजारी रजेवर घरीच होतो. बाबांची छाती ऐकली आणि बाहेर पॅसेजमध्ये येऊन हळूच म्हणाले, "छाती स्वच्छ आहे. भीती पायांची आहे. या वयात पाय वापरले नाहीत की पाय काम विसरतात. आणखी थोडे दिवस असेच पडून राहिले, तर पुढे उठावंसं वाटलं तरी उठता येणार नाही. कसंही करून उभं करा."

कसंही करून म्हणजे कसं? विनवण्या करून झाल्या होत्या. वॉकर आणून झाला होता. त्यावर आता टॉवेल वाळत होते. शेवटी मी ओरडूनही पाहिलं. बाबांनी मान न वळवता सांगितलं, "तू आधी नाक पूस."

तर त्या पॅसेजमध्ये डॉक्टरांनी बॅगेचा पट्टा आवळला आणि अचानक माझ्याकडे खालून वर पाहिलं. जुनं कपाट घ्यायला आलेला माणूस कपाटाकडे पाहतो तसं.

"तुम्ही व्यायाम काय करता?"

"मी?"

"ते काही करत नाहीत," बायको म्हणाली. ज्या वेगाने म्हणाली तो मला लागला. निदान आठवायचं सोंग तरी करायचं.

"मग उद्यापासून सुरू करा. सर्दीतून उठताना हलका व्यायाम चांगला."

"डॉक्टर, मला परवापर्यंत कणकण होती."

"होती ना? आता नाही ना? नियम सोपा आहे. त्रास मानेच्या वर असेल, म्हणजे नाक, डोकं, तर हलका व्यायाम चालतो. मानेच्या खाली असेल, छाती, अंगदुखी, तर पडून राहायचं."

"आणि घसा?"

चप्पल घालता घालता डॉक्टर थांबले. "घसा मानेतच येतो."

"तेच विचारतोय. वर धरायचा की खाली?"

"तुम्ही सुरू तर करा," असं म्हणून त्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं आणि तिने त्यांच्याकडे. मला वाटलं, बिचारीला माझी काळजी वाटते.

माझ्या घशाची हद्द कुठली, हा प्रश्न संध्याकाळपर्यंत जिनाभर पसरला. खालच्या मजल्यावरच्या काकूंचं म्हणणं, घसा खालचाच. कारण गिळलेलं खाली जातं. सोसायटीचे चिटणीस म्हणाले, घसा वरचा. कारण त्याचा वापर तोंडावाटे होतो, आणि वापर ज्याचा ताबा त्याचा. चिटणीस नोकरीभर जमिनींच्या मोजणीत होते, त्यामुळे त्यांना हद्दीतलं कळतं असं सगळे मानतात. दोघांनी मला जिन्यातल्या दिव्याखाली उभं केलं आणि आ करायला लावून टॉर्च मारला. येणारेजाणारेही डोकावले. एकाने तर "आमच्या मेहुण्याला असंच झालं होतं" एवढंच सांगितलं आणि मेहुण्याचं पुढे काय झालं ते न सांगता वर निघून गेला. अशा माणसांना जिना वापरायला बंदी हवी.

मी व्यायाम करत नाही याला कारण आहे. ड्रिलमास्तरचा मुलगा असूनही माझे हात आणि माझे पाय यांचा एकमेकांशी बोलण्याचा संबंध नाही. शाळेत सगळी ओळ उजवा हात वर करायची, तेव्हा माझा डावा जायचा. तोही ठामपणे. मी शेजारच्या पोराकडे अशा खात्रीने बघायचो की तो बिचारा आपला हात खाली घ्यायचा. बाबा सगळ्यांसमोर मला कधी मुलगा म्हणाले नाहीत. "तो तिसरा, त्याला बाजूला बसवा," म्हणायचे. मी बाजूला बसलो तो आजपर्यंत बसूनच होतो. माझी काही तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पॅसेजमध्ये उभा राहिलो. बायकोने बाबांच्या खोलीचं दार सताड उघडलं. एरवी ते दार वारा लागतो म्हणून बंद असायचं.

"कशाला उघडलंस?"

"हवा खेळू दे. तुम्ही करा तुमचं."

मी जागच्या जागी धावलो. मग हातपाय फाकवून उडी आणि जुळवून उडी, हा जगातला सगळ्यात मूर्ख दिसणारा व्यायाम सुरू केला. चौथ्या उडीला मी हवेत असताना शिंक आली. ज्यांना हवेत शिंक आली नसेल त्यांना सांगतो, त्या क्षणी माणसाचे सगळे अवयव आपापला स्वतंत्र निर्णय घेतात. मी खाली आलो तो एक पाय पुढे, एक पाय मागे, कमरेत उसण आणि नाकाचं तर सांगत नाही.

आतून आवाज आला, "हं."

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. चालू दे. शरीर तुझं आहे."

बऱ्याच दिवसांत बाबा स्वतःहून एवढं बोलले होते. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती, हातातलं पातेलं तसंच धरून. मला वाटलं माझी उसण बघायला थांबलीय.

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या काकू. "अहो, आमच्याकडे छताचा दिवा झुलतोय. कपाटातल्या कपबशा एकमेकींवर आपटतायत. काय फोडताय काय?"

"व्यायाम करतोय, काकू. डॉक्टरांनी सांगितलाय."

"तुम्हाला?" काकूंनी ज्या तऱ्हेने विचारलं, त्यावर दुसऱ्या माणसाने दार लावून घेतलं असतं.

बायको त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली. आत बराच वेळ कुजबुज झाली. काकू बाहेर आल्या त्या वेगळ्याच चेहऱ्याने. "गच्चीवर करा हो. मोकळी जागा आहे. मफलर बांधा म्हणजे झालं. आणि उड्या जरा जोरात मारा. हळू मारलेल्या उडीचा उपयोग नसतो."

घटकेपूर्वी ज्या बाईचा दिवा झुलत होता, ती मला जोरात उड्या मारायला सांगत होती. हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. पण नाक चोंदलेलं असताना माणूस विचाराच्या शेवटापर्यंत पोचत नाही.

आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. आमच्या डोक्यावर गच्चीच. पण गच्चीला कुलूप आणि किल्ली चिटणिसांकडे. आमच्या सोसायटीत गच्ची सगळ्यांच्या मालकीची आहे, म्हणून ती कोणालाच वापरता येत नाही. चिटणिसांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आजारी माणसाला वर सोडायचं म्हणजे जबाबदारी आली. उद्या तुम्ही वरून खाली आलात तर?"

"खाली येण्यासाठीच जिना आहे."

"जिन्याने आलात तर प्रश्नच नाही. तुम्ही ठणठणीत आहात असा डॉक्टरांचा दाखला आणा."

डॉक्टरांनी दाखला तत्काळ दिला. एरवी त्यांच्याकडे औषधाची चिठ्ठी घ्यायची तरी बाकावर तास काढावा लागतो. हा दाखला जणू तयारच होता. मग चिटणीस स्वतः माझ्याबरोबर वर आले, गच्चीभर पावलं टाकून काहीतरी मोजलं आणि एका कोपऱ्यात खडूने चौकोन आखला.

"एवढ्यातच उड्या मारायच्या. चौकोनाबाहेर नाही."

"का?"

"गच्चीचं गळतीचं काम झालंय. बाकीची जागा नाजूक आहे."

ज्या कोपऱ्यात मला उभं केलं होतं तिथलाच गिलावा सगळ्यात जास्त फुटलेला होता. पण मोजणीतल्या माणसाशी हद्दीवरून वाद घालण्यात अर्थ नसतो.

तर मी कानटोपी, मफलर, बायकोचा जुना स्वेटर अशा थाटात त्या चौकोनात उड्या मारू लागलो. वारा होता. कोपरा कठड्याला लागून होता, म्हणजे रस्त्यावरून मी छातीपासून वर दिसत होतो. एक माणूस खालून दिसतो, नाहीसा होतो, पुन्हा वर येतो, हात पसरतो, मध्येच जोरात शिंकतो. खाली एक बाई थांबली. मग दोघे थांबले. मग एक रिक्षा. लोक थांबले म्हणून आणखी लोक थांबले.

"अहो, असं करू नका," खालून कोणीतरी ओरडलं. "घरच्यांचा विचार करा."

"घरच्यांनीच करायला लावलंय," मी वरून ओरडलो. सांगायचा हेतू चांगला होता. पण माझा आवाज बसलेला, त्यामुळे तो फार करुण आला. खाली हळहळ पसरली. एका गृहस्थांनी हात जोडून सांगितलं, "सगळ्यांच्याच घरी असतं हो. दिवस जातात." मी त्यांना समजवायला कठड्यावरून वाकलो, तशी गर्दी मागे सरली आणि दोघांनी कुठलीशी चादर ताणून धरली. चादर इतकी लहान होती की तिच्यात माझी कानटोपी जेमतेम मावली असती. आणि त्या चादरीच्या पलीकडे, मान वर करून, तोंड उघडं टाकून, कोण उभं होतं? आमचे साहेब.

साहेबांना बाकी काही दिसलं नाही. आजारी रजेवरचा माणूस गच्चीवर नाचताना दिसला.

दुपारी मला कचेरीत बोलावणं आलं. नाक पुसत गेलो. साहेब काचेपलीकडून म्हणाले, "तुम्ही बरे असाल तर कामावर या. आजारी असाल तर तसा दाखला द्या. मी डोळ्यांनी पाहिलंय तुम्हाला."

"सर्दी आहे, साहेब. तुमचीच आहे. आवाजावरून ओळखा."

"दाखला."

मी पुन्हा डॉक्टरांकडे. आता माझी अवस्था अशी, की सोसायटीला मी ठणठणीत असल्याचा कागद हवा आणि कचेरीला मी आजारी असल्याचा. दोन्ही एकाच डॉक्टरचे, एकाच तारखेचे. डॉक्टरांनी पेनाचं टोपण बराच वेळ चावलं आणि मग लिहिलं: सदर इसम मानेच्या वर आजारी असून मानेच्या खाली निरोगी आहे. तरी मानेच्या वरच्या कामापासून विश्रांती द्यावी व खालच्या भागाच्या व्यायामास हरकत नसावी.

साहेबांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. "आणि आपल्या कचेरीचं काम मानेच्या वरचं की खालचं?"

"आपल्या कचेरीत मानेच्या वरचं काही लागतं असा माझा अनुभव नाही, साहेब. पण रजेचा फायदा घेण्यापुरतं लागतं असं धरून चालू."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते मोठ्याने काहीतरी बोलणार होते, पण त्यांना शिंक आली, पाठोपाठ दुसरी, आणि सर्दीपुढे ते माझ्याइतकेच लाचार आहेत हे काचेअलीकडच्या सगळ्यांनी पाहिलं. त्यांनी सही केली ती रुमालाआडूनच.

घरी आलो तो ठरवूनच आलो. आता गच्ची नाही. लोकांनी मला जिवावर उदार झालेला समजावं, साहेबांनी बोलवून अपमान करावा, आणि हे सगळं कशासाठी, तर नाक मोकळं व्हावं म्हणून. नाक तर वाऱ्याने जास्तच चोंदलं होतं. बायकोला तसं सांगितलं. ती नुसती गॅसकडे तोंड करून उभी राहिली. मला वाटलं होतं ती खूश होईल.

तेवढ्यात आतून बाबा म्हणाले, "दोन पायांवर उतरत नाही तो. आधी डावा, मग उजवा. धप आणि मग थप. छतातून सगळं ऐकू येतं."

बायको पटकन खोलीच्या दारात गेली. "मग तुम्ही सांगा ना त्यांना, बाबा."

"सांगून झालंय. त्याच्या लहानपणीच. त्याला नाही जमायचं. सोडून दे म्हणावं."

आता हे ऐकून कोण सोडून देईल? आयुष्यभर बाजूला बसलेला माणूस होतो मी. मानेच्या वर माझ्या काय चालू होतं ते त्या दाखल्यात मावणारं नव्हतं. सकाळ व्हायचा अवकाश, मी गच्चीवर. खडूचा चौकोन पुसट झाला होता, तो मी स्वतःच पुन्हा आखला. आणि मारली उडी. दोन्ही पाय एकदम, असं मला तरी वाटलं.

खालून आवाज आला, टक.

मी थांबलो. आवाज थांबला. पुन्हा उडी मारली. पुन्हा खालून, टक. जरा रागावलेलं. मी दोन उड्या मारल्या. खालून दोन ठोके आले, पण माझ्या उड्यांबरोबर नाही. त्यांच्या मधे. जणू सांगत होते, इथे नाही, इथे उतर.

बायको धापा टाकत जिन्याच्या तोंडाशी आली. "थांबू नका. मारत राहा."

"खालून कोण ठोकतंय? काकू?"

"हो, काकूच."

पण काकू आमच्या खाली राहतात. माझ्या पायांखाली आमचंच घर होतं. आणि त्या कोपऱ्याखाली कुठली खोली येते हे मी पहिल्यांदाच मनात जुळवून पाहिलं. आमच्या घरात छताला टेकेल अशी एकच वस्तू आहे, जळमटं काढायची काठी. ती माझ्याकडे असते, म्हणून मला पक्कं माहीत आहे. ती अंथरुणात पडून छताला लागत नाही. बसून लागत नाही. पाय रोवून, ताठ उभं राहून, हात पूर्ण वर नेला तरच लागते.

मी बायकोकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटले होते आणि मान हलवत होती, हो, हो.

मी उड्या मारत राहिलो. नाक वाहत होतं, कमर ओरडत होती, पोटऱ्यांत गोळे आले होते. खाली रस्त्यावर लोक थांबले असतील तर थांबले असतील. खालून टक येत होतं तोवर मी थांबलो नाही.

त्यानंतर रोज ठोके येऊ लागले. मग एके दिवशी ठोके आलेच नाहीत. मी धावत खाली निघालो, तर बाबा दारात. एक हात वॉकरवर. वॉकरवरचा टॉवेल खांद्यावर टाकलेला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "काठी छोटी पडते. ताल नीट देता येत नाही." दुसऱ्या सकाळी जिन्याच्या दोन पायऱ्या चढून कठड्याला टेकले. आणि त्याच आठवड्यात मी चौकोनात हात पसरून उभा असताना गच्चीचं दार उघडलं.

मफलर, स्वेटर, पायांत जुने कॅनव्हासचे बूट. हाडं दिसतील इतके वाळलेले. दोन्ही हात चौकटीवर. तोंडात शिट्टी. त्यांच्या मागे, पडले तर झेलायला, बायको. तिच्यामागे काकू. काकूंच्या मागे चिटणीस. आणि सगळ्यात खालच्या पायरीवर बॅगेसकट डॉक्टर. सगळे श्वास रोखून. माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

बाबांनी शिट्टी काढली. दम खाल्ला. "गुडघे," एवढंच म्हणाले.

"काय गुडघे?"

"उतरताना वाकव. किती वर्षं सांगायचं?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. चिटणीस चष्मा पुसू लागले. डॉक्टर जिन्यातूनच म्हणाले, "उत्तम. आता रोज." मी "हो" म्हटलं. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला नाही म्हटलं."

तेव्हा कुठे नाक आणि डोकं एकदम उघडलं. बाबांना खुर्चीवर बसवल्यावर मी बायकोला बाजूला घेतलं. "म्हणजे हा व्यायाम मला नव्हताच?"

"तुम्हालाही झाला की थोडा."

"खडूचा चौकोन?"

"बाबांच्या पलंगाच्या बरोबर वर. चिटणीसकाका मोजून गेले होते आधी."

"सगळ्या जिन्याला माहीत होतं. मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मुद्दाम चुकायला गेला असता. तुम्हाला सोंग जमत नाही हो." तिने माझी कानटोपी सरळ केली. "चुकणं जमतं."

या वाक्यात कौतुक आहे की नाही यावर मी अजून विचार करतोय. एखाद्या माणसाला औषध म्हणून वापरायचं, तेही त्याला न विचारता, आणि ते औषध लागू पडण्याचं एकमेव कारण म्हणजे त्या माणसाचा वेंधळेपणा, हे कुठल्या न्यायात बसतं? डॉक्टरांनी मला गोळी म्हणून दिलं होतं. आणि गोळीला कोणी विचारत नाही, बाई गं, तुला बरं वाटतंय का.

रुसायचं ठरवलं होतं. पण सकाळी शिट्टी वाजायची आणि मी जायचो. बाबा गच्चीवर आधी खुर्चीत बसून शिकवायचे, मग उभे राहून. मग माझ्या गुडघ्यावर आपली चालायची काठी टेकवायला वाकायचे, हात किती वर हवा ते स्वतःचा हात वर करून दाखवायचे. मला शिकवताना त्यांचाच सगळा व्यायाम व्हायचा. माझी सर्दी कधीच गेली. साहेबांनी रजाही कधीच संपवली. तरी कचेरीच्या आधी मी त्या चौकोनात असायचो.

आणि मग एक दिवस ते घडलं. उडी मारली, हात वर जुळले, पाय एकदम उतरले, गुडघे वाकले. एकच आवाज आला, गोल आणि स्वच्छ. मलाही कळलं. पुन्हा मारली. पुन्हा तसंच.

बाबांच्या तोंडातली शिट्टी तोंडातच राहिली. त्यांनी ती काढून खिशात ठेवली. गच्चीभर उगाच एक नजर टाकली, कामावरून निघताना माणूस टेबलाकडे टाकतो तशी. "जमलं तुला," म्हणाले. "मग आता मी कशाला येऊ वर." आणि सावकाश जिना उतरून गेले. त्या दिवशी ते दुपारभर भिंतीकडे तोंड करून झोपले. बायको जेवायला बोलवायला गेली तर म्हणाले, "भूक नाही."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी नीट केल्याची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्यांच्या खोलीत गेलो. "बाबा, चला जरा. काल नशिबाने जमलं असेल. एकदा बघा."

कुरकुरत आले. मी चौकोनात उभा राहिलो आणि जिवाच्या आकांताने चुकायला लागलो. डावा हात वर, उजवा पाय बाहेर, एक पाय आधी, एक मागून. धप आणि थप.

बाबा बघत राहिले. "हे काय?"

"चुकलं, बाबा."

"हे चुकणं नाही, हे नाटक आहे. जन्मभर पोरं पाहिलीत मी. चुकणाऱ्या पोराला आपण चुकतोय हे माहीत नसतं. तू कसा चुकायचास, आठवतंय? सगळं मैदान चुकतंय आणि आपण एकटे बरोबर, अशा तोऱ्यात. मला हसू आवरायचं नाही, म्हणून बाजूला बसवायचो तुला." त्यांनी काठी आपटली. "तुझी खरी चूक कर. नाहीतर मी चाललो खाली."

म्हणजे सगळं त्यांनाही माहीत होतं. पहिल्यापासून की कालपासून, ते मी विचारलं नाही. जिन्याच्या तोंडाशी बायको उभी होती. मी मान ताठ केली, आता मात्र बिनचूकच मारतो अशा ईर्ष्येने हात पसरले आणि उडी घेतली. हवेत असतानाच मला पक्की खात्री वाटली, की हे अगदी झकास जमतंय. खाली आलो तेव्हा डावा हात वर होता, उजवा कुठेतरी कमरेला होता, आणि कानटोपी डोळ्यांवर आली होती.

गच्ची दणाणून जाईल अशी शिट्टी वाजली. खाली काकूंच्या कपबशा खणखणल्या. बाबा दोन्ही हात सोडून, काठी बगलेत मारून, ताडताड माझ्याकडे चालत आले.

"बरोबर," ते म्हणाले. "ही तुझी. आता पुन्हा, गुडघे वाकव."